पंचनाम्याआधीचा अर्धा तास : एका नाट्यसंहितेच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५

राज्य हौशी नाट्य स्पर्धेसाठी यंदा दोन अंकी नाटक करायचे, असे आमच्या सांगलीच्या गटाच्या बैठकीत ठरले आणि संहितेचे काम माझ्याकडे आले. प्राथमिक फेरी पावसाळ्यानंतर असते. तालमींना किमान दोन महिने लागतात, शिवाय संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवावी लागते. त्यामुळे ऑगस्टअखेर माझ्या हातात अंतिम मसुदा असायलाच हवा. विषय आम्ही गेल्या वर्षीच निवडून ठेवला होता : नव्याने रुजू झालेला एक पोलीस उपनिरीक्षक आणि त्याला पहिल्याच नेमणुकीत भेटणारा भ्रष्टाचार.

मार्चमध्ये लिहिलेला वीस पानांचा आराखडा आज पुन्हा वाचला. त्यात पहिल्याच प्रवेशात पोलीस निरीक्षक नव्या उपनिरीक्षकासमोर पाकीट सरकवतो, तो ते नाकारतो, त्याचा छळ सुरू होतो आणि शेवटी तो सर्वांना उघडे पाडतो. वाचताना मला स्वतःलाच पुढचे वाक्य आधी कळत होते. यात मुलाला कोंडीत पकडणारे काहीच नाही. पाकीट नाकारणे अवघड असेल, पण त्यात गोंधळण्यासारखे काय आहे? योग्य काय आणि अयोग्य काय हे टेबलावर मांडून ठेवले, की उरतो तो फक्त धैर्याचा प्रश्न. शिवाय १९८३ च्या ‘अर्धसत्य’ या गाजलेल्या चित्रपटाची सावली आपल्याकडे कोणत्याही तरुण उपनिरीक्षकाच्या पात्रावर पडतेच. तो संताप पुन्हा गिरवण्यात अर्थ नाही. आराखडा बाजूला ठेवला.

९ जून २०२५

गटातील एका सहकाऱ्याच्या ओळखीने एका निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षकांची भेट झाली. शिपाई म्हणून भरती होऊन त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीच वर्षे ते रायटर होते, म्हणजे ठाण्यातील लिखापढीचे काम पाहत होते. नाव न वापरण्याच्या अटीवर ते बोलायला तयार झाले. मी त्यांना आराखडा सांगितला. पाकिटाचा प्रसंग ऐकून ते हसले आणि म्हणाले, “नव्या पोराला पाकीट कोण देतंय? पाकीट विश्वासातल्या माणसाला मिळतं. नव्या साहेबाला सही करायला देतात.”

या एका वाक्यासाठी मला पाच वेळा त्यांच्याकडे जावे लागले असते, तरी चालले असते. घरी आल्यावर मी ते मसुद्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

त्यांनी जे समजावले ते असे. ठाण्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट कागदावर घडते. एखादी तक्रार दखलपात्र गुन्हा म्हणून नोंदवायची की अदखलपात्र म्हणून वहीत टाकून तक्रारदाराला न्यायालयात जाण्याची समज द्यायची, मारहाणीच्या जबाबात हत्याराचा उल्लेख करायचा की नाही, पंचनामा घटनास्थळी बसून लिहायचा की ठाण्यात, अटकेची वेळ कोणती दाखवायची, मुद्देमालाच्या यादीत काय घ्यायचे : पैसा कुठे आहे हे या निवडींवरून ठरते. आणि या कागदांवर अधिकाऱ्याची सही लागते. जुना माणूस सही करताना दहा वेळा विचार करतो. नवा माणूस मान मिळाला म्हणून करतो. एकदा ती सही झाली, की तो इतरांपैकी एक झाला. मग त्याने एक रुपया घेतलेला असो वा नसो.

“मग त्याला पैसे दिले तरी चालतात, नाही दिले तरी चालतात,” असे ते म्हणाले. हेही लिहून घेतले.

१४ जून २०२५

नायकाची पूर्वपीठिका लिहीत आहे. मूळ आराखड्यात तो एका हुतात्मा पोलिसाचा मुलगा होता, ते काढले. आता तो जत तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याने पुण्यात सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत सहा वर्षे काढली, दोनदा मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकला आणि तिसऱ्यांदा लोकसेवा आयोगाच्या यादीत आला. मैदानी चाचणी, मुलाखत, अंतिम निकाल, न्यायालयीन याचिकांमुळे रखडलेली नियुक्ती, मग नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतील प्रशिक्षण आणि दीक्षांत संचलन. हे सर्व ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही, आणि आमच्या प्रेक्षकांत अशी घरे पुष्कळ असणार.

निकालानंतर गावात लागलेला फ्लेक्स मात्र मी नाटकात ठेवणार आहे. त्यावर गावातील ज्या चौदा जणांचे फोटो असतात, त्यांपैकी निम्म्यांची कामे पुढे याच मुलाकडे येतात. त्याच्या वडिलांनी सहा वर्षांच्या खोलीभाड्यासाठी आणि खानावळीसाठी ज्यांच्याकडून पैसे घेतले, तेही त्याच फ्लेक्सवर आहेत. नव्या अधिकाऱ्यावरचा दबाव ठाण्यात सुरू होतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो मिरवणुकीतल्या गुलालासोबतच अंगावर पडलेला असतो. हे एवढेच सूचित करायचे, भाषण करायचे नाही.

२२ जून २०२५

सापळ्याचा प्रवेश आज रद्द केला. मन होत नव्हते, कारण तो रंगमंचावर फार सुंदर दिसला असता.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची सापळ्याची पद्धत मुळातच नाट्यपूर्ण आहे. तक्रार आली की प्रथम लाचेच्या मागणीची पडताळणी होते आणि तिचा पंचनामा केला जातो. मग तक्रारदाराने आणलेल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. पंच बहुधा इतर शासकीय कार्यालयांतील कर्मचारी असतात. लाच स्वीकारली गेली की ठरलेला इशारा होतो, पथक आत येते आणि आरोपीची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली जातात. पाणी गुलाबी होते. काचेच्या पारदर्शक पेल्यात गुलाबी होत जाणारे पाणी आणि वर एकच प्रकाशझोत, इतके तयार दृश्य फुकट मिळत असताना कोणता नाटककार सोडेल?

परंतु या तपासाची मांडणी मागणी आणि स्वीकृती या दोन खांबांवर उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी असे स्पष्ट केले, की तक्रारदार मृत झाला किंवा फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी व स्वीकृती सिद्ध करता येते. मात्र त्या सिद्ध व्हायलाच हव्यात. माझ्या नाटकात कोणी काही मागतच नाही. तक्रारदार नाही, मागणी नाही, पूड लावायला नोट नाही. गुलाबी पाण्याचा मोह सोडला.

२ जुलै २०२५

नाटक कोणत्या वर्षात घडते, या प्रश्नाने आठवडा खाल्ला.

निवृत्त काकांनी सांगितलेली बहुतेक उदाहरणे जुन्या काळातील आहेत. ठाण्यासमोरचा चहावाला हा नेहमीचा पंच, तो चार किलोमीटर दूरच्या जप्तीच्या पंचनाम्यावर चहाचा ट्रे खाली ठेवून सही करतो, ही त्यांची आवडती गोष्ट. पण १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०५ ने झडती व जप्तीच्या संपूर्ण प्रक्रियेचे, म्हणजे जप्त वस्तूंची यादी करणे आणि तिच्यावर साक्षीदारांनी सह्या करणे यांसह सर्वाचे, दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले. ते शक्यतो मोबाईलवर करावे असे कायदाच म्हणतो, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. त्यासाठीच्या ई-साक्ष्य या ॲपमध्ये वेळ आणि ठिकाण यांची नोंद आपोआप होते. थोडक्यात, चहावाल्याचा प्रवेश २०२५ मध्ये जसाच्या तसा चालणार नाही.

दिग्दर्शकाचे म्हणणे, नाटक २०१९ मध्ये ठेवावे म्हणजे कटकट मिटेल. मला ते पळवाटेसारखे वाटते. समोर बसलेला प्रेक्षक आजचा आहे आणि प्रेक्षागृहात एखादा तरी पोलीस असणार. त्याने “हे सगळं आधी चालायचं” असे म्हणून सुटू नये.

५ जुलै २०२५

काकांना फोन केला आणि विचारले, की चित्रीकरण सक्तीचे झाल्यावर काय बदलले. ते क्षणभर थांबले. “मोबाईल चालू कधी करायचा, हे कोण ठरवतंय?” एवढेच म्हणाले.

नाटक सापडले.

१९ जुलै २०२५

पहिल्या अंकाचा कच्चा मसुदा पूर्ण झाला. घटनाक्रम येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे यात फेरफार होतील आणि मूळ काय होते ते विसरायला होईल.

रात्रपाळीला असलेला नवा उपनिरीक्षक एका हवालदारासह गाडीत आहे. ११२ क्रमांकावर, एका बंगल्यात भांडण सुरू असल्याचा कॉल येतो. दोघे पोहोचतात. भांडण मिटलेले आहे, पण आत पत्त्यांचा डाव मांडलेला आहे आणि गादीखाली रोकड आहे. मुलगा उत्साहाने वरिष्ठांना कळवतो. पोलीस निरीक्षक स्वतः येतात, त्याची पाठ थोपटतात आणि म्हणतात, “तुझी पहिली कारवाई आहे. पंचनामा तुझ्या नावावर घे. उद्या पेपरात नाव येईल.” पंच बोलावले जातात. मुलाला बाहेर, खेळणाऱ्यांची नावे-पत्ते लिहून घ्यायला पाठवले जाते. तो परत येतो तेव्हा निरीक्षक सांगतात, “हं, आता धर मोबाईल.” तंत्रज्ञानाचे काम नेहमी सर्वांत तरुण माणसाकडे येते. तो चित्रीकरण सुरू करतो. रोकड मोजली जाते : एक लाख पंच्याऐंशी हजार. मोजताना त्याच्या लक्षात येते, की पहिल्यांदा त्याने पाहिली होती ती गड्डी वेगळी होती. हात मात्र थरथरू देता येत नाही, कारण चित्र हलते.

सरकारी जीपची बत्ती, धावपळ, वॉकीटॉकीवरील आवाज यांपैकी काहीही या प्रवेशात नको आहे. एक माणूस मोबाईल धरून उभा आहे आणि दुसरा नोटा मोजतो आहे. चित्रीकरण शुद्ध आहे, कायद्याला हवे तसे आहे, आणि त्यात दिसणारी प्रत्येक गोष्ट खरी आहे.

वेळांचा तपशील काकांनी बसवून दिला. ११२ च्या गाडीत बसवलेल्या यंत्रावर घटनास्थळी पोहोचल्याची वेळ नोंदली जाते : २२.०८. पंचनामा सुरू झाल्याची वेळ लिहिली आहे २२.३५. चित्रीकरण सुरू होते २२.४१ ला. दोन सरकारी यंत्रांमध्ये अर्धा तास हरवला आहे आणि तो कोणी मुद्दाम शोधल्याशिवाय सापडणार नाही. दुसरा अंक या अर्ध्या तासाचा.

२७ जुलै २०२५

मिरजेच्या एका वकील ताईंकडे मसुदा घेऊन गेलो. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत चार चुका काढल्या. कॉल भांडणाचा असेल, तर जुगाराच्या झडतीसाठी लागणारे अधिकारपत्र कुठून येणार, असे त्यांनी विचारले. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याची स्वतःची पद्धत आहे. मग संशयास्पद मालमत्ता म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्ती दाखवण्याचा मार्ग त्यांनीच सुचवला. पुढे असे, की मी सर्वत्र ‘लाच’ म्हणत होतो, पण ही लाच नव्हेच. जप्त होऊ घातलेली रक्कम लोकसेवकाने खिशात घालणे हा अपहार आहे. लोकसेवकाने केलेला विश्वासघात म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधील पाचव्या पोटकलमाखाली त्याची शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाते. आणि कोणाला तरी वाचवण्याच्या हेतूने लोकसेवकाने चुकीचा अभिलेख तयार केला, तर तो कलम २५६ खाली स्वतंत्र गुन्हा. म्हणजे पैसे घेणाऱ्यावर एक कलम आणि सही करणाऱ्यावर दुसरे. माझ्या नायकाने छदामही घेतलेला नसताना तो दुसऱ्यात अडकू शकतो.

त्यानंतर त्या जे बोलल्या त्याने दुसऱ्या अंकाचा कणा तयार झाला. त्यांनी विचारले, “यात तक्रार कोण करणार?” ज्यांची रोकड गेली ते खेळणारे गप्प बसतील, कारण कागदावर रक्कम जितकी कमी तितके प्रकरण हलके, आणि उरलेल्या पैशांचा स्रोत सांगण्याची त्यांची इच्छा नाही. पंच गप्प, कारण ते आले तेव्हा चित्रीकरण सुरूच होणार होते. हवालदार गप्प. निरीक्षक गप्प. सर्वांचे हित एकाच आकड्यात आहे, आणि तो आकडा मुलाच्या हस्ताक्षरात आहे. ज्या गुन्ह्यात कोणालाच फिर्यादी व्हायचे नाही, त्यात एकट्याने फिर्यादी होणे म्हणजे काय, हा या नाटकाचा प्रश्न आहे.

ताईंनी फी घेतली नाही. नाटकाचे पहिले तिकीट त्यांना.

६ ऑगस्ट २०२५

पात्रांना आडनावे द्यायची नाहीत, असे ठरवले. आपल्याकडे आडनाव उच्चारले की प्रेक्षक जात ओळखतो आणि मग भ्रष्ट निरीक्षक कोणत्या समाजाचा, प्रामाणिक मुलगा कोणत्या, याचा हिशेब मध्यंतरात सुरू होतो. अडचण एवढीच, की गणवेशावर नावाची पट्टी असते आणि ठाण्यात माणसे एकमेकांना बहुधा आडनावानेच हाक मारतात. नेमके याच वर्षी बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात अधिकारी-कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने संबोधावे असे ठरले आणि आडनाव वगळलेल्या नावाच्या पाट्या तयार करण्यात आल्या. ज्या कारणाने तेथे तो निर्णय घेतला गेला, त्याच कारणाने मीही तो घेतो आहे. वेशभूषेच्या मुलीला तसे कळवले.

हवालदाराला सगळे ‘अण्णा’ म्हणतील. वयाने तीस वर्षांनी मोठा माणूस मुलाला ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो, आणि मुलगा त्याला ‘अण्णा’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो. निरीक्षक मात्र दोघांनाही ‘तू’ म्हणतात. संवादांतून ठाण्याची उतरंड एवढ्यानेच कळावी.

१० ऑगस्ट २०२५

अण्णांचे पात्र अडले आहे. तो खलनायक झाला तर नाटक सपाट होते आणि संत झाला तर खोटे.

न्यूयॉर्क शहरातील पोलीस भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी १९७० मध्ये नेमलेल्या नॅप आयोगाने भ्रष्ट पोलिसांचे दोन प्रकार सांगितले होते : एक मांस खाणारे, म्हणजे सावज शोधत फिरणारे, आणि दुसरे गवत खाणारे, म्हणजे वाटेत सहज जे तोंडाशी येईल ते घेणारे. आयोगाच्या मते खरा प्रश्न दुसऱ्या गटाचा होता, कारण त्यांच्या संख्येमुळेच भ्रष्टाचाराला प्रतिष्ठा मिळत होती. आमचे अण्णा गवत खाणारे आहेत. चहा, नाश्ता, दिवाळीचा बॉक्स, कधी गाडीत पेट्रोल. अर्थात यात एक फरक करावा लागतो. आपल्याकडे ठाण्यातील कागद, कार्बन, झेरॉक्स, बेवारस मृतदेहाच्या अंत्यसंस्काराचा तातडीचा खर्च अशा गोष्टी अनेकदा अंमलदाराला आपल्या खिशातून उभ्या कराव्या लागतात, असे काकांनी सांगितले. मग ‘हे कुठून तरी काढावंच लागतं’ हे वाक्य तयार होते, आणि त्या वाक्याला तळ नसतो. अण्णांच्या तोंडी मी नेमके हेच वाक्य दिले आहे. ते बोलताना तो लाजत नाही आणि मिजासही दाखवत नाही. तो हिशेब सांगतो.

१७ ऑगस्ट २०२५

पहिले जाहीर वाचन झाले, तेवीस माणसे होती. दुसऱ्या अंकातील “वरून आदेश होता” या संवादावर चर्चा पेटली.

एका तरुण नटाचे मत असे, की वरिष्ठाने सांगितल्यावर कनिष्ठाचा दोष उरतच नाही. मी ताईंकडून शिकलेले सांगितले : भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये, जे पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ७६ होते, वरिष्ठाच्या आदेशावरून जमावावर गोळीबार करणाऱ्या सैनिकाचे उदाहरण आहे आणि त्याला संरक्षण आहे, परंतु तो आदेश ‘कायद्याच्या आज्ञेनुसार’ असावा लागतो. ते दोन शब्द बहुतेक लोक विसरतात. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वर्सोव्यात दाखवलेली चकमक बनावट ठरली, तेव्हा २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्या २१ जणांत १३ पोलीस होते, आणि ते सगळे मोठ्या हुद्द्यावरचे नव्हते.

त्यानंतर खोलीत कोणी तरी २०१७ चे नाव काढले आणि सगळे शांत झाले. आमच्याच शहरातील ते प्रकरण : कोठडीत एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळणे, आणि तो पळून गेला असे सांगितले जाणे, असा आरोप पोलिसांवरच झाला. त्यात एक उपनिरीक्षक होता. सांगलीत हे नाटक करताना ते प्रकरण न बोलताही प्रेक्षागृहात हजर असणार आहे. म्हणून मी ते संहितेत आणणार नाही. वाचनानंतर एक वयस्कर बाई एवढेच म्हणाल्या, “पळून गेला, असं लिहायलाही कुणाचा तरी हात लागला असेल की.”

२४ ऑगस्ट २०२५

मुलगा जाणार कोणाकडे? हा प्रवेश चार वेळा लिहिला.

पहिला पर्याय जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. मोठा प्रवेश होऊ शकतो, पण मग नाटक अधीक्षक चांगले की वाईट यावर टांगले जाते. दुसरा, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री क्रमांक १०६४. सापळा शक्य नसला तरी अपहाराची चौकशी होऊ शकते, मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी, चौकशी, मग खटला चालवण्याची मंजुरी या पायऱ्या आहेत. तिसरा, पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निर्देशांतून जन्मलेले पोलीस तक्रार प्राधिकरण. त्याच निर्देशांनंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात उपनिरीक्षकाला ठाण्यात सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला, हे अण्णा त्याला हसत सांगतो : “दोन वर्षं म्हणजे सर्वसाधारण, साहेब. तुम्ही सर्वसाधारण राहिलात तर.” चौथा पर्याय वृत्तपत्र. पण १९६६ च्या पोलीस दल अधिकार निर्बंध कायद्याने आणि वर्तणूक नियमांनी पोलिसाला तो मार्ग बंद आहे, संघटनाही करता येत नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, तो अंमलात आणलेलाच नाही.

हे सगळे पर्याय संवादात सांगायला गेलो, तर प्रवेशाचे व्याख्यान होत होते. पाचव्यांदा लिहिताना सगळे काढून टाकले. आता मुलगा पहाटे ठाण्यात परत येतो आणि त्याच्यासमोर एकच काम उरते : स्टेशन डायरीतील नोंद. किती वाजता रवाना झालो, किती वाजता पोहोचलो, काय केले, किती वाजता परत आलो. तो आयुष्यातला सर्वांत छोटा निबंध आहे. पोहोचल्याची वेळ त्याने २२.३५ लिहिली, तर ती पंचनाम्याशी जुळते आणि गाडीच्या यंत्राशी जुळत नाही. २२.०८ लिहिली, तर गाडीशी जुळते आणि त्याच्याच पंचनाम्यात भोक पडते. त्या नोंदीत कोणावर आरोप नाही, कोणाचे नाव नाही. एक वेळ फक्त.

३० ऑगस्ट २०२५

संहिता पाठवली. एकूण ६८ पाने.

२१ सप्टेंबर २०२५

तालमी सुरू आहेत. मुलाची भूमिका करणारा नट बँकेत रोखपाल आहे, त्यामुळे नोटा मोजण्याच्या प्रवेशात तो सतत दुसऱ्याच्या हातांकडे व्यावसायिक नजरेने पाहतो. दिग्दर्शकाला हे आधी खटकले, मग आवडले. निरीक्षकाच्या नटाला आवाज चढवण्याची सवय आहे. त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागते, की या माणसाला ओरडण्याची गरज पडत नाही. तो मुलावर खरोखर खूश आहे. त्याला मुलाचे भले करायचे आहे. “नाव होईल तुझं” हे वाक्य तो मनापासून म्हणतो, आणि तसे म्हटले तरच ते घशात अडकते.

भिंतीवर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ लिहायचे का, असे नेपथ्यकाराने विचारले. नको म्हणालो. प्रत्येक पोलिसी नाटकात ते ब्रीद उपरोधासाठी टांगलेले असते. प्रेक्षक आत येतानाच ते वाचून मत बनवून बसतो.

१२ ऑक्टोबर २०२५

शेवटच्या प्रवेशावर काकांची हरकत आली. मी मुलाच्या हातात पेन आणि समोर जाडजूड नोंदवही दिली होती. प्रकाशाच्या एका वर्तुळात कागदावर टेकलेले निब. काका म्हणाले, ठाण्यात आता सीसीटीएनएस ही पोलिसांची संगणक प्रणाली आहे, डायरीची नोंद संगणकावर टंकली जाते. मी म्हणालो, रंगमंचावर कीबोर्ड फार कोरडा दिसतो. ते म्हणाले, “मग तो कोरडाच असतोय.”

दोन दिवस मी पेनसाठी भांडलो, मग हरलो. आता टेबलावर जुना संगणक आहे, पडदा प्रेक्षकांकडे पाठ करून. मुलगा काय टंकतो ते कोणाला दिसत नाही, म्हणून नटाने प्रत्येक अंक दाबताना तो हळू आवाजात उच्चारायचा असे ठरले. पोलिसांना वायरलेसवर आकडे सुटे सांगायची सवय असते, त्यामुळे ते कृत्रिम वाटत नाही. अण्णा दारात चहा घेऊन उभा आहे आणि ऐकतो आहे.

२ नोव्हेंबर २०२५

रंगीत तालीम. पहिला अंक ५२ मिनिटे, दुसरा ४७. मोबाईलच्या चित्रीकरणाचा लाल ठिपका मागच्या रांगेतून दिसत नव्हता, तो प्रकाशयोजनाकाराने वेगळ्या दिव्याने सोडवला. नोटांच्या गड्ड्या फार नव्या कोऱ्या दिसतात, त्या चुरगाळून ठेवायला सांगितल्या.

शेवटच्या प्रवेशात नटाने ‘दोन, दोन, शून्य’ म्हटले आणि पुढचा अंक उच्चारायला त्याने ठरल्यापेक्षा बराच वेळ घेतला. ध्वनीवाल्याने गोंधळून पडद्याचे संगीत सुरू केले, अण्णांच्या नटाने हातातला कप बशीवर ठेवला आणि तो आवाज नेमका ‘आठ’ वर पडला. दिग्दर्शकाने कप तसाच ठेवायला सांगितला आहे. संगीत काढले.